डिझाइनच्या कोर्सचे मार्क ज्युरीच्या दिवशी ठरत नाहीत

प्रश्न वाचला. सात वर्षं एजन्सीत काम केल्यावर तुम्ही आता पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठात तिसऱ्या सत्राला इन्फर्मेशन डिझाइन, म्हणजे माहिती चटकन सापडेल अशी मांडणं, शिकवणार आहात. चार क्रेडिट, १५ आठवडे, मुलं ४२. निम्मे मार्क इंटर्नल, निम्मे बाहेरच्या ज्युरीचे, म्हणजे शेवटी काम बघायला येणाऱ्या परीक्षकांचे. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: आखणी कशी करायची, मुलांना मदत किती करायची आणि मार्कांवरून होणारी रडारड कशी टाळायची. मी १९ वर्षं हेच करतोय, त्यातली पहिली तीन-चार वर्षं चुकीच्या पद्धतीने. माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे, सहाव्या ते नवव्या आठवड्यात. तिथे तुम्ही मुलांच्या कागदावर काय बघितलंत, त्यावर सगळं ठरतं. जे मध्ये बघितलं नाही त्याला शेवटी मार्क देता येत नाहीत, फक्त अंदाज करता येतो. आणि पोरांना तो अंदाज बरोब्बर कळतो.

आधी तासांचा हिशोब. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, चार क्रेडिटचे १२०, आठवड्याला आठ. ऐकायला भरपूर वाटतात. पण ४२ मुलांना प्रत्येकी दहा मिनिटं दिलीत तर सात तास गेले, म्हणजे अख्खा आठवडा संपला आणि शिकवणं शून्य. शिवाय विसाव्या मुलापाशी पोचेपर्यंत तुमचा आवाज गेलेला असतो आणि एकेचाळिसावा घरी गेलेला असतो. म्हणून टेबलाटेबलावर फिरणं सोडा. सात-सात जणांचे सहा गट करा. एका दिवशी तीन गट, प्रत्येकी ८० मिनिटं, सातही जणांचं काम एकदम भिंतीवर. तुम्ही एकाला बोललेलं सहा जण ऐकतात आणि त्यातलं निम्मं त्यांनाही लागू असतं. बाकीच्या गटांनी तेवढा वेळ वर्गात बसून हातातलं काम करायचं. कँटीनला जायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

ब्रीफ, म्हणजे मुलांना द्यायचं काम, एकच ठेवा, पण खरं. ‘आवडत्या विषयावर इन्फोग्राफिक’ दिलंत की ४२ वेगवेगळ्या गोष्टी येतात, त्यांची तुलना होत नाही, आणि निम्म्या कॉफीवर असतात. मी गेली काही वर्षं एस.टी. स्थानकावरचा वेळापत्रकाचा फलक देतोय. पुण्यात असाल तर स्वारगेट आणि वाकडेवाडी, दोन्ही हाताशी. फलकावर गाव, मार्गे, वेळ, गाडीचा प्रकार, फलाट एवढीच माहिती असते, पण तिच्यात एक आख्खं सत्र मावतं. पहिल्या दोन आठवड्यांत छोटे व्यायाम उरका: तक्ता वाचणं, माहितीची श्रेणी लावणं (आधी काय दिसावं, मग काय), एकाच मजकुराच्या तीन मांडण्या. तिसऱ्या आठवड्यात मुलांना स्थानकावर पाठवा, लॅपटॉपशिवाय, वही घेऊन. काम एकच. फलकासमोर दोन तास उभं राहायचं आणि लोक काय करतात ते लिहायचं.

पहिल्यांदा गेलेली मुलं परत येतात ती ‘सर, फॉन्ट वाईट आहे’ एवढंच घेऊन. परत पाठवा. दुसऱ्या खेपेला एखादी पोर सांगते की लोक फलक बघतच नाहीत, थेट चौकशीच्या खिडकीवर जातात. का? मग कळतं की ‘खेड’ दोन आहेत, एक रत्नागिरी जिल्ह्यातलं, एक पुणे जिल्ह्यातलं म्हणजे राजगुरुनगर. कर्जत दोन, एक रायगडातलं, एक नगरकडचं. हा घोळ कुठल्याही फॉन्टने सुटत नाही, तो माहितीचाच आहे. ज्या क्षणी मुलाला हे सापडतं त्या क्षणी कोर्स सुरू होतो. तुम्ही मात्र ते आधी सांगायचं नाही. जीभ चावून गप्प बसायला शिकणं हाच या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग आहे.

आता मदत किती करायची ते. माझी स्वतःची चूक सांगतो. एका कॉलेजात माझ्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी आठवडाभर तीन कॉलमच्या मांडणीत अडकली होती. मी तिच्या शेजारी बसलो, माउस हातात घेतला आणि वीस मिनिटांत पानं सरळ करून दिली. दोघेही खूश. ज्युरीच्या दिवशी बाहेरून आलेल्या बाईंनी तिला साधा प्रश्न विचारला, ‘मधला कॉलम अरुंद का?’ तिने उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून मुलांच्या माउसला, पेन्सिलीला हात लावत नाही. दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर, वेगळ्याच मजकुरावर दाखवतो आणि तो कागद फाडून टाकतो. नाटकी वाटेल, पण फाडलेला कागद मुलं कॉपी करू शकत नाहीत.

एजन्सीतून येणाऱ्यांना हे जास्त जड जातं, कारण तिथे ज्युनियरचं काम रात्री अकराला तुम्हीच दुरुस्त करून क्लायंटला पाठवायचं असतं. इथे बिघडलेलं काम बिघडलेलंच राहू द्यावं लागतं, निदान काही आठवडे. आणि ‘सर, हे चालेल का?’ (तुमच्या बाबतीत ‘सर’च्या जागी काय असेल ते) हा प्रश्न दिवसातून तीस वेळा येईल. माझं ठरलेलं उत्तर आहे: ‘कोणाला?’ सुरुवातीला चिडतात. सातव्या आठवड्यापर्यंत प्रश्न बदलतो: ‘सर, चष्मा विसरलेल्या आजोबांना हे चालेल का?’ या प्रश्नाला उत्तर देता येतं. प्रिंट काढ, भिंतीला लाव, दहा पावलं मागे जा आणि तूच बघ.

तर तो मधला टप्पा. सहाव्या आठवड्यात प्रत्येकाकडून किमान पाच वेगवेगळ्या मांडण्या मागा, काळ्या-पांढऱ्या, प्रत्यक्ष आकाराच्या निदान एका तुकड्यात. वेगवेगळ्या म्हणजे रंग बदललेल्या नव्हेत. एक वेळेनुसार, एक गावांच्या अकारविल्हे क्रमाने, एक दिशेनुसार, अशा. सातव्यात गटाची क्रिट (सगळ्यांसमोर कामाची चिकित्सा) घ्या आणि त्याच दिवशी मार्क द्या, खरे, इंटर्नलमध्ये धरले जाणारे. ‘हे फक्त फीडबॅक आहे, मार्क नाहीत’ म्हणालात की अर्धा वर्ग दुसऱ्या विषयाचं सबमिशन करत बसेल. त्यांचंही बरोबर आहे, त्यांच्या डोक्यावर सहा विषय असतात. आठव्या-नवव्यात प्रत्येकाने आपला प्रिंट पाच अनोळखी माणसांना दाखवायचा आणि एकच काम सांगायचं: ‘दुपारी दोननंतरची महाडची पहिली गाडी शोधा.’ घड्याळ लावायचं, कुठे बोट अडखळलं ते लिहायचं. वर्गमित्र चालणार नाहीत. कँटीनवाले काका, सिक्युरिटीवाले, कोणाची तरी आई चालेल.

माझे इंटर्नलचे ५० असे पडतात: स्थानकावरचं निरीक्षण १०, पाच मांडण्या आणि त्यांतली एक का निवडली हे १५, चाचणी आणि त्यानंतर केलेले बदल १५, शेवटचा फलक १०. शेवटच्या कामाला फक्त १० बघून विभागप्रमुख भुवया उंचावतील. त्यांना सांगा की बाहेरची ज्युरी तिचे ५० देताना शेवटचंच काम बघणार आहे. हा तक्ता पहिल्या दिवशी भिंतीवर लावा आणि सत्रभर काढू नका. एकदा मी मध्येच ‘सादरीकरणालाही पाच ठेवूया’ म्हणून तो बदलला होता, आणि दोन पालक ऑफिसात येऊन बसले. ते चुकले नव्हते.

देवनागरीसाठी एक आख्खा दिवस वेगळा काढा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात तोच प्रश्न मानगुटीवर बसेल. मुलांची सगळी सवय रोमन अक्षरांची. ओळींमधलं अंतर तेवढंच ठेवतात आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावलेला नसतो, मग जोडाक्षरं फुटतात आणि ‘पंढरपूर’चा ऊकार भलतीकडेच जाऊन बसतो. मजकुराची भाषा मराठी निवडलेली नसते, त्यामुळे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय आहे तिथेही ल आणि श हिंदी वळणाचे येतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण धरलेत. एस.टी. महामंडळाच्या फलकाचं काम करताय तर एवढं माहीत हवंच. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ फुकट मिळतात, तिथून सुरुवात करायला सांगा. आणि कोणी विंडोजबरोबर येणाऱ्या ‘मंगल’ फॉन्टला नाकं मुरडली तर तो र. कृ. जोशींनी घडवलाय हे सांगा. ते मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत आणि आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचे, कवीही होते. छोट्या, कमी पिक्सेलच्या पडद्यावर जोडाक्षरं वाचता यावीत म्हणून काय काय सोडावं लागतं हा वेगळ्या तासाचा विषय आहे, पण घेण्यासारखा.

मार्क देण्याची पद्धत. ४२ कामं एकेक करून तपासू नका. सकाळच्या पहिल्या पाचांना ज्या हाताने देता त्या हाताने संध्याकाळच्या पाचांना देत नाही. सगळी कामं जमिनीवर मांडा, नावं झाका, आधी तीन ढीग करा, मग ढिगात क्रम लावा, आकडे सगळ्यात शेवटी. त्याआधी एखाद्या सहकाऱ्याला घेऊन पाच कामं दोघांनी वेगवेगळी तपासा. फरक दहाच्या वर गेला तर तक्त्यातलं काहीतरी संदिग्ध आहे, मुलांचं काम नव्हे. प्रत्येकाला दोन वाक्यं लिहून द्या, एक काय जमलं, एक पुढच्या कामात काय करायचं. ‘छान प्रयत्न’ लिहू नका. आठवड्याच्या आत द्या. महिन्याने दिलेली वाक्यं कोणी वाचत नाही, फक्त आकडा वाचतात आणि भांडायला येतात.

बाहेरच्या ज्युरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण निम्मे मार्क तिच्या हातात आहेत. आपल्याकडे परीक्षक ढोबळमानाने दोन घराण्यांतून येतात. एक १८५७ च्या जे.जे.चं, तिथल्या उपयोजित कलेचं. ते लोक आधी फायनल बघतात: रेघ, माउंट (काम चिकटवायचा जाड पुठ्ठा), अक्षरांमधली जागा. दुसरं १९६१ च्या अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं आणि १९६९ च्या पवईच्या आयडीसीचं. सुधाकर नाडकर्णींसारखे जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आलेले लोक तिथे शिकवत, आणि त्या वळणाचा माणूस आधी विचारतो, ‘प्रश्न काय होता?’ दोन्ही बरोबर. पण एकाच मुलाला एक ४२ देतो, दुसरा २८. म्हणून ज्युरीच्या आधी अर्धा तास चहा पाजा, तक्ता हातात द्या आणि मागच्या वर्षीची तीन कामं दाखवून ‘याला साधारण किती द्याल?’ विचारा. मी हे न करता एकदा ज्युरी घेतली होती. दोन तासांत ५० मुलं झाली, आणि सगळ्यात जास्त मार्क काळ्या गुळगुळीत माउंटला पडले. तेव्हापासून माउंटवर बंदी. सगळे साध्या कागदावर, एकाच मापात. गरीब घरच्या पोरांचे पैसेही वाचतात.

एआय आणि पिंटरेस्टची चोरी यावर फार रक्त आटवू नका. पाच मांडण्या, तारखा घातलेली वही, अनोळखी माणसांबरोबरची चाचणी आणि ‘का’ या प्रश्नाची तोंडी उत्तरं, एवढं असेल तर कोणी काय वापरून काय केलं हे तुम्हाला आपोआप दिसतं. वापरलं तर वहीत लिहा, एवढाच नियम. लपवलं तर त्या टप्प्याचे मार्क शून्य. हेही भिंतीवरच्या तक्त्यात.

आणि मागे पडणारे. चौथ्या आठवड्यात दोन तास बुडवणारा मुलगा बाराव्या आठवड्यात ‘सर, मेडिकल देतो’ म्हणत येतो. त्याला चौथ्याच आठवड्यात गाठा. बहुतेकदा आळस नसतो. लॅपटॉप नसतो, किंवा मजकूर इंग्रजीतून समजत नसतो आणि विचारायची लाज वाटत असते. ब्रीफ मराठीतूनही द्या. मुदतवाढ द्यायचीच तर सगळ्यांना द्या.

शेवटी एक कामाचं. बाराव्या आठवड्यात निवडक दोन-तीन फलक खरोखर स्थानकावर तासभर लावून बघायचे असतील तर आगारप्रमुखांची परवानगी लागते. ते पत्र पहिल्याच आठवड्यात द्या, विभागाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट, मराठीतून, आणि पोच घ्या. पत्र घेऊन स्वतः जा, मुलांना पाठवू नका. आणि परत येताना तिथल्या वाहतूक नियंत्रकांपाशी दहा मिनिटं बसा. दिवसभरात त्यांना सगळ्यात जास्त वेळा कोणत्या गावाची गाडी विचारतात, ते त्यांना तोंडपाठ असतं.