दुधाचं राहू द्या, दुपटी वाळत घाला

पत्र : माझी नात सहा आठवड्यांची आहे. संध्याकाळ झाली की रडायला लागते, दर अर्ध्या तासाने अंगावर घ्यावी लागते. मी सुनेला एवढंच म्हटलं, "तुला दूध पुरत नसेल, थोडं वरचं देऊन बघ." तेव्हापासून ती पाजताना दार लावून घेते. माझं स्वतःचं दूध दोन महिन्यांत आटलं होतं, म्हणून काळजीने बोलले. माझं काय चुकलं?
– एक आजी

ताई,

तुम्ही काळजीनेच बोललात, पण नेमकं दुखऱ्या जागी बोललात. "पुरतंय ना?" हे तुमची सून रात्री-अपरात्री स्वतःलाच विचारत असणार. घरातल्या मोठ्या माणसाने "नाही पुरत" म्हटलं की तो निकालच झाला.

आधी नातीचं बघू. या वयाची पुष्कळ बाळं संध्याकाळी अशीच करतात. दोन घोट घेतात, सोडतात, रडतात, पुन्हा मागतात. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. अशा वेळी गरज नसताना वरचं सुरू केलं, तर ते अंगावर कमी ओढतं आणि मग दूध खरंच कमी होतं. याच सुमारास छातीचा ताठरपणाही उतरतो. आईला वाटतं, दूध गेलं. गेलेलं नसतं, बाळाला किती लागतं याचा शरीराला अंदाज आलेला असतो.

रडण्यावरून हिशेब करू नका, लंगोट मोजा. दिवसरात्र मिळून सहा तरी चांगले ओले व्हायला हवेत, आणि वजन आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढायला हवं. वजन अडलं, शू कमी झाली किंवा बाळ मलूल वाटलं, तर घरात चर्चा करत बसू नका, डॉक्टर गाठा. त्यांनी वरचं द्यायला सांगितलं तर त्यात कमीपणा कसला?

तुमच्या पत्रातलं दोन महिन्यांत दूध आटल्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्या काळी पुष्कळ जणींना घड्याळ लावून, चार-चार तासांनी पाजायला सांगत. तुमचं तेव्हा काय झालं ते इथून मला कळणार नाही, पण तुमच्याजवळ कोण बसलं होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. कुणीच नसावं, असं मला वाटलं. १९५६ साली अमेरिकेत सात आयांनी 'ला लेचे लीग' ही अंगावर पाजणाऱ्या आयांना मदत करणारी संस्था सुरू केली ती याच कारणाने. पाजायचं कसं हे सांगायला, स्वतः पाजलेली दुसरी आई शेजारी हवी असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रसूतिगृहांना स्तनपानासाठी घालून दिलेल्या दहा पायऱ्यांपैकी शेवटची पायरीही तीच : घरी गेल्यावर आईला आधार मिळेल हे बघणं.

तेव्हा दुधाचा विषय सध्या सोडा. सुनेच्या हाताशी पाणी ठेवा, पाठीला उशी द्या. पाजून झालं की नातीला खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि सुनेला तासभर झोपू द्या. दुपटी धुवा. बघायला येणाऱ्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावा, हे काम तुमच्याइतकं कुणालाच जमणार नाही. पाजताना तिला दुखत असेल, चिरा पडल्या असतील, तर बाळ फक्त बोंडच तोंडात धरत असेल. तोंड मोठं उघडं आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असायला हवी. हे जाणकार नर्सने एकदा शेजारी बसून पाहिलं तर बरं. ओळखीत एखादी हल्लीच पाजलेली आई असेल, तर तिलाही बोलवा. सुनेला विचारून हं, परस्पर नको.

आणि एकदा सांगून टाका, "मी तेव्हा उगाच बोलले. माझ्या वेळी मला सांगणारं कुणी नव्हतं." उत्तराची वाट बघत उभ्या राहू नका. दार ती बहुधा पुन्हा लावेल. ते मनाला लावून घेऊ नका. अवघडल्यासारखं झालं की पान्हा अडतो, आणि काही जणींना उघड्या दारात तो फुटतच नाही.