थायरॉइडला तात्पुरती सूज आली होती, आता टीएसएच नॉर्मल आहे, गोळी बंद करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की व्हायरल तापानंतर थायरॉइडला सूज आली, आधी टीएसएच (मेंदूकडून थायरॉइडला जाणारा इशारा, हार्मोन जास्त झालं की तो खाली जातो, कमी पडलं की वर) एकदम खाली गेला, मग वाढला म्हणून थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनची, ५० मायक्रोग्रॅमची गोळी लागली, आता सात महिने झालेत, रिपोर्ट २.१ आलाय आणि घरचे म्हणतायत की ही गोळी एकदा लागली की जन्माची. मी याच सगळ्यातून गेलेय आणि आज तीन वर्षं गोळीशिवाय आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. डॉक्टर नाहीये मी, स्वतःच्या अंगावर काढलेलं आणि माझ्या डॉक्टरांनी समजावलेलं तेवढंच सांगतेय.

जन्माची गोळी हे घरच्यांचं म्हणणं हाशिमोटोवाल्यांसाठी (या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते) बहुतेक वेळा खरं असतं, किंवा ज्यांची ग्रंथी ऑपरेशन करून काढलीय त्यांच्यासाठी. तिथे हार्मोन बनवणारी जागाच कमी कमी होत जाते किंवा उरलेलीच नसते. आपलं दुखणं वेगळं आहे. थायरॉइडमध्ये दोन-तीन महिने पुरेल एवढा हार्मोनचा साठा असतो, सूज आली की तो साठा फुटून रक्तात सांडतो म्हणून आधी धडधड, घाम, वजन उतरणं. मग साठा संपतो, ग्रंथी अजून सावरलेली नसते, म्हणून टीएसएच वर जातो. आणि मग ती हळूहळू भरून येते. बहुतेकांची येते, काहींची नाही येत, आणि तुमची आली का हे तुमच्या आत्ताच्या रिपोर्टवरून कळत नाही. का ते सांगते, कारण मी नेमकी इथेच चुकले होते.

माझं सुरू झालं ते मानेच्या दुखण्यापासून. आधी उजवीकडे, कान ठणकतोय की दाढ दुखतेय तेच कळेना, आठ-दहा दिवसांनी तेच दुखणं डावीकडे सरकलं. बसल्या जागी नाडी ११० च्या वर, वजन चार किलो कमी, टीएसएच ०.०१. पहिल्या डॉक्टरांनी तो आकडा बघून कार्बिमाझोल सुरू केलं, मानेला हात पण लावला नाही. हे औषध हार्मोन बनणं थांबवतं, पण इथे जास्त बनतच नव्हतं, जुनं सांडत होतं, त्यामुळे त्याचा काही उपयोग होणार नव्हता. पंधरा दिवस तसेच गेले याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या डॉक्टरांनी, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (हार्मोनच्या डॉक्टरांनी), मान हलकीच दाबली आणि मी कळवळले, तिथेच ते म्हणाले हा थायरॉइडायटिस, म्हणजे थायरॉइडची सूज दिसतेय. ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) ८० च्या पुढे निघाला, स्कॅनमध्ये ग्रंथी जवळपास काहीच शोषून घेत नव्हती. मग कार्बिमाझोल बंद, सुजेवरचं पेनकिलर आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल. दुखणं गेलं आणि दोनेक महिन्यांत सगळं उलट फिरलं, टीएसएच ३१, दिवसभर झोप, आणि थायरॉक्सिनची ७५ ची गोळी लागली.

चार महिन्यांनी टीएसएच १.८ आला. मला वाटलं झाले बरी, आणि कोणाला न विचारता गोळी सोडली. पहिले दोन-तीन आठवडे इतकं छान वाटत होतं की मी अगदी निश्चिंत झाले, पण ते छान वाटणं आधी घेतलेल्या गोळीचंच होतं. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, पूर्ण असर जायला पाच-सहा आठवडे. पाचव्या आठवड्यात चेहरा सुजलेला, पंखा नको वाटायचा, पोट साफ होईना, जिना चढताना पाय जड. टीएसएच १७.

डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी एवढंच सांगितलं की तो १.८ तुमच्या ग्रंथीचा रिपोर्ट नव्हता, ग्रंथी आणि गोळी दोघांचा मिळून होता. गोळी पुरेशी असेल तर ग्रंथी झोपलेली असली तरी टीएसएच नॉर्मलच येणार. तुमचा २.१ पण तसाच आहे. ग्रंथी खरंच कामाला लागली का हे बघायचा साधा मार्ग एकच, डोस कमी करायचा, थांबायचं आणि मग टेस्ट.

माझी गोळी परत सुरू झाली, या वेळी ५० ची, आणि सहा महिने काहीच बदललं नाही. त्यानंतर २५ केली, सात आठवडे थांबलो, टीएसएच ३.२. मग बंद. कमी करताना ५० ची गोळी मोडत बसू नका, २५ ची वेगळी मिळते. आणि दोन आठवड्यांत टेस्ट करायची घाई तर अजिबात नको, टीएसएच सावकाश हलतो, त्याला सहा ते आठ आठवडे दिल्याशिवाय खरा आकडा दिसत नाही. स्टेरॉइडसारखं झटकन सोडलं की लगेच जिवावर येईल असं या गोळीचं नाही, पण टप्प्याने गेलं की ग्रंथी कमी पडत असली तर ते २५ वरच कळतं, १७ पर्यंत जाऊन भोगावं लागत नाही.

बंद केल्यावर सात आठवड्यांनी आला ५.९. मी रिपोर्ट हातात घेऊन रडले, म्हणजे आता खरंच जन्माची. पण फ्री टी४ (रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉइड हार्मोन) नॉर्मल होता आणि मला त्रास काही नव्हता, डॉक्टर म्हणाले लगेच गोळी नको, ग्रंथी परत कामाला लागताना टीएसएच काही काळ थोडा वर राहू शकतो, अजून दोन महिने देऊ. माझ्यासाठी त्यांनी रेषा आखली होती, १० च्या वर गेला किंवा फ्री टी४ खाली गेला की परत सुरू. पुढचा आला ४.१, त्याच्या पुढचा २.६. आता वर्षातून एकदा करते.

पण हे सगळ्यांनी करून बघावं असं मी म्हणणार नाही. तुम्ही प्रेग्नंट असाल किंवा तसा विचार चालू असेल तर आत्ता गोळीला हातच लावू नका, बाळासाठी ती लागते, हा प्रयोग नंतरही होईल. दुसरं म्हणजे अँटी टीपीओ, शरीर थायरॉइडविरुद्ध अँटीबॉडी बनवतंय का हे बघणारी रक्ताची टेस्ट. ती पॉझिटिव्ह असेल तर गोळी सुटायची शक्यता कमी होते, अशक्य नाही होत. माझ्या जावेला डिलिव्हरीनंतरचा थायरॉइडायटिस झाला होता, तिची टीपीओ खूप जास्त होती, बाळ वर्षाचं झाल्यावर तिने पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करून बघितली, २५ वरच टीएसएच १४ गेला, ती परत ५० घेते आणि तिची तब्येत एकदम चांगली आहे. तिने काही चुकीचं केलं म्हणून असं झालं नाही, तिची ग्रंथीच तेवढी भरून आली नाही.

टेस्टच्या बाबतीत थोडी काळजी घ्या, लॅब तीच ठेवा, रक्त सकाळीच द्या आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद करा, त्याने टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो आणि मग सगळा हिशोब चुकतो. कॅल्शियम किंवा आयर्न चालू असेल तर त्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर तुम्ही ५० घेताय असं वाटतं पण अंगी तेवढी लागत नाही.

केस गळतायत हे पण तुम्ही विचारलं होतं. माझे सर्वात जास्त गळले ते रिपोर्ट सुधारायला लागल्यावर, कारण केसांवरचा परिणाम दोन-तीन महिने उशिरा दिसतो. त्यावरून डोस कमी पडतोय असं ठरवू नका. मी एका वहीत रोज सकाळची नाडी आणि आठवड्याचं वजन लिहायचे, थकवा एखाद-दुसऱ्या दिवसाचा आहे की सलग पंधरा दिवसांचा हे त्यातून नीट कळायचं.

तर आत्ता गोळी स्वतःहून सोडू नका. डॉक्टरांना विचारा की २५ करून बघूया का आणि पुढची टेस्ट कोणत्या तारखेला करायची, ती तारीख लिहूनच घ्या. अँटी टीपीओ अजून केली नसेल तर तीही याच वेळी करून घ्या. आणि मधेच मान परत दुखायला लागली तर त्या तारखेची वाट बघत बसू नका, ही सूज क्वचित परत येते, तेव्हा ईएसआर आणि टीएसएच लगेच करायचे.