बरोबर उत्तर खोडणारी मुलगी

‘मॅडम, आकडे दिले की गणित येतं तिला, पण शाब्दिक उदाहरण आलं की एकच विचारते, भागायचं की गुणायचं?’ दशांश अपूर्णांकांचा भागाकार आणि गुणोत्तर ही प्रकरणे सुरू झाली की पालकांकडून हे वाक्य मी दरवर्षी इतक्यांदा ऐकते, की सहावीतल्या एका मुलीची हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे सांगावीशी वाटते.

आईने ‘एकाग्रता नाही’ आणि वडिलांनी ‘आळस’ असे निदान घरीच करून ठेवले होते. मी मुलीची वही मागितली, कारण उत्तरांपेक्षा खोडलेल्या जागा वाचण्याची मला जुनी सवय आहे. एक उदाहरण असे होते : ४.५ लिटर सरबत ०.७५ लिटरच्या बाटल्यांत भरायचे आहे, तर किती बाटल्या लागतील? कागद विरेपर्यंत खोडलेल्या जागी पुसटसा ६ दिसत होता आणि त्यावर ठळक अक्षरांत ३.३७५ लिहिले होते. म्हणजे तिने आधी भागाकार अचूक केला होता आणि नंतर तो पुसून गुणाकार केला होता.

‘सहा का खोडलेस?’

बऱ्याच वेळाने उत्तर आले, ‘भागल्यावर उत्तर लहान यायला हवं ना? साडेचारचे सहा कसे होतील?’

मला वाटते, त्या प्रश्नातच सारे काही होते. ही मुलगी निष्काळजी नव्हती. लाडू सारखे वाटून देताना शिकलेला नियम ती अतिशय निष्ठेने पाळत होती. ‘भागाकार म्हणजे वाटणी आणि वाटणीत प्रत्येकाला कमीच मिळते’ हे मनात रुजलेले चित्र पुढे कसे आड येते, हे गणितशिक्षणाचे अभ्यासक एफ्राइम फिशबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले होते. अशा मुलाकडून आणखी पन्नास उदाहरणे सोडवून घेतली, तर ते चित्रच पन्नास वेळा घट्ट होते.

आधी हाताने, मग चित्राने आणि शेवटी चिन्हाने शिकावे, हे मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचे म्हणणे मी मानते. म्हणून पुढच्या भेटीत टेबलावर पाण्याने भरलेली बादली आणि पाऊण लिटरची बाटली होती. तिने बाटली सहा वेळा भरली आणि साडेचार लिटर संपले. योगायोगाने त्या दिवशी सोबत आजी आल्या होत्या. लहानपणी पाठ केलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, त्या सहज पुटपुटल्या : पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. मुलीने बोटे मोजली, ती सहा भरली. ‘म्हणजे मी वाटतच नव्हते, किती वेळा मावतं ते मोजत होते!’ हे तिचे वाक्य मी माझ्या टिपणवहीत जपून ठेवले आहे.

दशांश चिन्ह सरकवण्याची गोष्ट त्यानंतर तिला जादू वाटली नाही. साडेचार लिटर म्हणजे ४५०० मिलिलिटर आणि पाऊण लिटर म्हणजे ७५०. एकक बदलले तरी बाटल्या सहाच राहतात. गुणोत्तराचे मर्मही हेच आहे, आणि ही दोन प्रकरणे वेगवेगळी शिकवण्यात आपण मोठी संधी गमावतो. गुणोत्तरात ती बेरीज करत असे : दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी, तर तीन वाट्यांना पाच. मी चूक दाखवली नाही, फक्त विचारले, ‘मग दहा वाट्यांना?’ ‘बारा,’ असे म्हणून ती थांबली आणि स्वतःच हसली, ‘भात कच्चाच राहील!’

पालकांना माझी विनंती एवढीच, की ‘भागायचं की गुणायचं?’ याचे उत्तर देऊ नये. ते दिले की विचार तेथेच थांबतो. उदाहरणातले आकडे झाकून प्रसंग मुलाला त्याच्या शब्दांत सांगायला लावावा, मग उत्तर साधारण केवढे येईल याचा अंदाज लिहून घ्यावा आणि आकडेमोड सर्वांत शेवटी करावी. ‘सोपं तर आहे’ हे शब्द मात्र घरातून हद्दपार करावेत, कारण ज्याला ते जमत नाही, त्याला त्यातून ‘तू मठ्ठ आहेस’ एवढेच ऐकू येते. या मुलीच्या वडिलांना हे पटायला तीन भेटी लागल्या.

शेवटच्या भेटीत तिने माझ्यासाठी स्वतः रचलेले उदाहरण आणले होते : ६ मीटर फितीचे ०.४ मीटरचे किती तुकडे होतील? मी मुद्दाम २.४ असे उत्तर दिले. तिने वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, ‘मॅडम, आधी अंदाज लिहा.’