रविवारसाठी जुनी गाडी

प्रश्न: रोज सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीला ११० सीसी बाइकवर जातो. रविवारी तुळजापूर-नळदुर्गलाही चालेल अशी दुसरी, वापरलेली १५० सीसी घेतोय. काय पाहू?

उत्तर: इंजिन थंड असतानाच जा, तापवून ठेवलेल्या गाडीत सुरू होण्यातली खोट लपते. टायरच्या कडेवर ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. आपल्या उन्हात रबर कडक होतं, मग नक्षी शाबूत असूनही पावसात घसरतं. मेन स्टँडवर लावा, मागून दाबून पुढचं चाक उचला, हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेला. हे विक्रेते सहसा सांगत नाहीत! स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीचे) दात वाकलेत? नुसती चेन नको, चेन-स्प्रॉकेटच्या पूर्ण किटचे पैसे भावातून कापा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० सोबत बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच व्यवहार.