ऊसतोड टोळ्यांच्या तळावर फिरती शौचालयं द्यावीत का?

कारखान्याजवळच्या तळावर उतरणाऱ्या ऊसतोड टोळ्यांना तुमचा गट दोन फिरती शौचालयं देणार आहे आणि त्याचा कितपत उपयोग होईल, असं तुम्ही विचारलंय. मन मोठं आहे तुमचं, पण पैसे आधी पाण्यावर घाला. पाणी नसलेल्या शौचालयात महिन्याभरात सरपण रचलेलं दिसतं.

बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकऱ्या थापते नि अंधारातच फडावर निघते. मजुरी टनावर, तीही कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोची मिळून. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा, म्हणजे दंड. टँकर सकाळी अकराला आला तर तळावर म्हातारी माणसं आणि पोरं. पाणी भरणार कोण? म्हणून चौथऱ्यावर टाक्या बसवून तोट्या काढा, मग टँकर केव्हाही येऊ दे. आपत्तीतल्या छावण्यांसाठी स्फिअरचा, म्हणजे मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा, निकष माणशी रोज किमान १५ लिटरचा आहे. पन्नास कोप्या (मजुरांच्या झोपड्या) आणि कोपीत पाच माणसं धरली तर पावणेचार हजार लिटर होतात. बैलांचं पाणी वेगळं.

टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालताना ३३ टक्क्यांची पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम धरा. बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरची निवळी तेवढी ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट घ्या, पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर नळीत पिवळा रंग येतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किट असतं. मात्र टाकीवर पिवळा रंग आला म्हणून थांबू नका, कोपीतलं पाणीही तपासा. तिथे उघड्या ड्रममध्ये पोरं हातासकट पेला बुडवतात आणि नळीतलं पाणी जसंच्या तसं राहतं, रंगच येत नाही. घरटी झाकणाचा, तोटीचा जार द्या. एवढ्या कमी पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

बायकांशी बोला, पण मुकादमासमोर नको. संध्याकाळी चुलीपाशी बसून एखाद्या बाईनेच विचारावं. बहुतेक जणी आधी न्हाणी मागतात. चार काठ्यांना जुनं लुगडं गुंडाळलेला आडोसा, खाली चिखल, अंधारात अंगावर कपडे ठेवूनच अंघोळ. पाळीचं कापड धुवायला पाणी नाही आणि उन्हात वाळत घालायला जागा नाही. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं सुरू झालं तरी खाड्याच्या भीतीने ते अंगावर काढतात आणि मग थेट ऑपरेशनवर येऊन ठेपतं. गर्भाशय काढण्याच्या या ऑपरेशनांच्या चौकशीसाठी २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तेव्हाच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा वाचून मला आजही संताप येतो. शहाबादी फरशी, पत्र्याच्या तीन भिंती, आतून कडी असलेलं दार, शोषखड्ड्यात जाणारं सांडपाणी आणि शेजारी कापडासाठी आडोशातली दोरी, एवढं तरी कराच.

आता शौचालयं. स्फिअर वीस माणसांमागे एक सांगतो, त्यामुळे अडीचशे जणांत दोन पुरणार नाहीत. निदान ती फक्त बायकांसाठी ठेवा, दिवा लावा, कोप्यांपासून पन्नास मीटरच्या आत ठेवा. मैला उपसायची गाडी आणि सफाईची मजुरी हंगामभरासाठी आधीच ठरवा. बैलगाडीवाल्यांचा तळ दरवर्षी त्याच जागी पडतो, तिथे दोन खड्ड्यांची पक्कीच बांधलेली बरी. फिरती शौचालयं फडाफडाने हलणाऱ्या डोकी सेंटरच्या, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरणाऱ्या, टोळ्यांना द्या. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं, म्हणून कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला पत्र गणपतीच्या आसपास द्या आणि जागा मोजायला त्यांचाच माणूस सोबत घ्या.