बुटाची नाडी आणि तुटकी पुंजी

अगदी जेमतेम पैशात काम भागवायचं त्याला इंग्रजीत ‘शूस्ट्रिंग बजेट’ म्हणतात. त्यात शूस्ट्रिंग, म्हणजे बुटाची नाडी, कुठून आली आणि त्याला मराठीत काय म्हणावं, असं एकाने विचारलंय. नाडी म्हणजे काय ते सांगत बसत नाही.

आधी माझी चीड. ‘आम्ही बूटस्ट्रॅप्ड, म्हणजे शूस्ट्रिंगवरच चालतो हो!’ हे ऐकून ऐकून कान किटले. अहो, बूटस्ट्रॅप म्हणजे नाडी नव्हेच. उंच बूट चढवताना बोट अडकवून ओढायला वर शिवलेली ती पट्टी. ती ओढून स्वतःलाच उचलायचं, ही मुळात अशक्याची थट्टा. १८३४च्या अमेरिकी वर्तमानपत्रात ती सापडते. कॉम्प्युटर ‘बूट’ होतो तोही याच पट्टीच्या कृपेने. धंद्यात बूटस्ट्रॅप्ड म्हणजे बाहेरचा पैसा न घेता स्वतःच्याच पैशावर उभा. तिथे प्रश्न पैसा कुणाचा हा आहे, शूस्ट्रिंगमध्ये पैसा किती हा. पदरचे कोटभर घालणारा बूटस्ट्रॅप्ड खुशाल म्हणवो, शूस्ट्रिंगवर तो नाही. त्याला पदरमोड म्हणा.

‘जेमतेम पैसा’ या अर्थाने शूस्ट्रिंग १८८२च्या सुमारास अमेरिकेत दिसू लागतो. आता ती लाडकी गोष्ट येणारच: लंडनच्या तुरुंगातले कर्जदार म्हणे नाडीला बूट बांधून खिडकीतून खाली सोडत आणि येणारेजाणारे त्यात नाणी टाकत. छान आहे, पण कर्जापायी कैद इंग्लंडने १८६९च्या कायद्याने जवळजवळ मोडीत काढली होती. मग हा शब्द तेरा वर्षांनी समुद्रापलीकडे कसा उगवला? आणि नाणी बुटात पडत होती, तर नाव नाडीचं का? माझ्या मते नाडी बारीक आणि स्वस्त, बस्स. काडीसारख्या चिरलेल्या तळलेल्या बटाट्यालाही इंग्रजी शूस्ट्रिंगच म्हणते, तिथे कुठला कैदी आला?

पण खरी मजा आपल्याच घरात आहे. तुटपुंजा! तुटपुंजा पगार, तुटपुंजी माहिती, तुटपुंजा पाऊस; आपण तो नुसता ‘थोडका’ म्हणून कुठेही चिकटवतो. जरा फोडून बघा: तूट आणि पुंजी. पुंजी म्हणजे भांडवल, तिच्यामागे संस्कृत ‘पुंज’, म्हणजे रास. ज्याची रासच तुटकी, तो तुटपुंजा. नाडीला पैशापर्यंत पोचायला रूपक लागलं. आपल्या शब्दाच्या पोटात पैसा पहिल्यापासून आहे, आणि तोही नेमका धंद्यात घालायचा. या हिशेबाने पावसाला तुटपुंजा म्हणणं जरा गमतीचंच, आणि ‘तुटपुंजं भांडवल’ म्हणजे भांडवल दोनदा. तरी मीही तसंच लिहितो.