कॅरिबियनमध्ये बेताच्या बजेटात राहायचं तर पहिली रांग सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलमधल्या शाळेच्या सुट्टीत न्यू जर्सीहून सहा जण. तुम्ही दोघं, पाच आणि नऊ वर्षांची मुलं, आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. आई शाकाहारी, शिवाय उपवास. बजेट बेताचं. डोक्यात तीन ठिकाणं आहेत: पुंता कानाचा ऑल-इन्क्लुझिव्ह (खाणंपिणं दरातच धरलेला) रिसॉर्ट, कानकुन किंवा पोर्तो रिको. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की एच-1बीचं, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या परवानगीचं, एक्स्टेन्शन मिळालंय, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय.

अहो, तीच तर पहिली ओळ हवी होती! पुंता काना म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक. चालू अमेरिकन व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर तिथे वेगळा व्हिसा लागत नाही. आई-बाबांचा व्हिजिटर व्हिसा चालू आहे, त्यांना अडचण नाही. तुमचा संपलाय, म्हणजे जाताना प्रश्न आणि परत येताना त्याहून मोठा प्रश्न. कानकुनला जातानाही तोच प्रश्न: मेक्सिको भारतीयांना वेगळ्या व्हिसाशिवाय घेतो तो चालू अमेरिकन व्हिसाच्या जोरावर. पोर्तो रिको मात्र अमेरिकेचाच भाग, त्यामुळे नूअर्क ते सान हुआन (पोर्तो रिकोची राजधानी) हा देशांतर्गत प्रवास. इमिग्रेशनची रांग नाही, स्टॅम्प चालू असावा लागत नाही. तरी प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट, तुमचा आय-797 (एक्स्टेन्शनच्या मंजुरीचं पत्र) आणि सगळ्यांच्या आय-94च्या (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) प्रती जवळ ठेवाच.

तर या खेपेला पोर्तो रिको बेट ठरलं. आता राहायचं कुठे.

कॅरिबियनमध्ये बजेट बिघडतं ते ‘बीचफ्रंट’ या एका शब्दामुळे. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून रात्रीमागे जे जादा मोजतो, त्याचा उपयोग सकाळच्या चहाला आणि फोटोला. दिवसभर तुम्ही वाळूतच असणार. आणि पोर्तो रिकोत किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. हॉटेल कितीही बडं असो, त्याच्या समोरच्या वाळूवर तुमची चटई अंथरायला कोणी अडवू शकत नाही. हॉटेलच्या खुर्च्या आणि छत्र्या त्यांच्या, वाळू सगळ्यांची. म्हणून पहिली रांग सोडा आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत घर घ्या, पण एका अटीवर: समुद्र, वाणसामान आणि खाण्याची दोन-चार ठिकाणं, तिन्ही चालत हवीत. यातलं एक जरी गाडीवर गेलं तर खोलीत वाचवलेले पैसे भाड्याच्या गाडीत आणि पार्किंगमध्ये जातात. आई-बाबा बरोबर असताना तर हे फार महत्त्वाचं, कारण दुपारी बाबांना परत येऊन पडायचं असतं आणि मुलांना अजून पाण्यात राहायचं असतं. चालत पाच-सात मिनिटांवर घर असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

सान हुआनमध्ये ही अट बसते असे तीन भाग आहेत. कोंदादो सगळ्यात झकपक आणि महाग. मोठी हॉटेलं, दुकानं, कसिनो. तुमच्या बजेटात त्याच्याकडे बघू नका. इस्ला व्हेर्दे विमानतळाला अगदी खेटून, किनारा रुंद आणि सुरेख, पण समोर उंच इमारतींची भिंत. त्या इमारतींमधून वाळूकडे जाणाऱ्या सार्वजनिक वाटा आहेत. नकाशात बघताना घरापासून समुद्राचं सरळ अंतर मोजू नका, या वाटेने किती चालावं लागतं ते बघा. विमानांचा आवाज येतो, मुलांना उलट त्याचीच मजा वाटेल. तिसरा ओशन पार्क, या दोघांच्या मधला, बैठ्या घरांचा शांत भाग. मागे काये लोईझा नावाचा रस्ता आहे, त्यावर छोटी खाण्याची ठिकाणं, बेकऱ्या, कॅफे. तुमच्या जागी मी काये लोईझा आणि समुद्र यांच्या मधल्या गल्ल्यांत दोन बेडरूमचं अपार्टमेंट शोधेन, आणि नाहीच मिळालं तर इस्ला व्हेर्देत. सहा जणांना हॉटेलच्या दोन खोल्या घ्यायच्या म्हणजे दोन खोल्यांचं भाडं, दोन रिसॉर्ट फी (हॉटेल भाड्याशिवाय वेगळी लावतं ती), आणि आई-बाबा वेगळ्या मजल्यावर.

भाडं बघताना बुकिंगच्या शेवटच्या पानावरचाच आकडा धरा. पोर्तो रिकोत खोलीवरचा कर जागेप्रमाणे बदलतो: कसिनो असलेल्या हॉटेलला 11 टक्के, बाकी हॉटेलांना 9, अपार्टमेंटला 7. हा फरक चिल्लर आहे, खरा फटका रिसॉर्ट फीचा. पहिल्या पानावर स्वस्त दिसणारं हॉटेल तिथेच महाग होतं. अपार्टमेंटची साफसफाईची फी एकदाच लागते, त्यामुळे तीन रात्रींना ती जड वाटते आणि सात रात्रींना अंगावर येत नाही. म्हणून दोन ठिकाणी विभागून राहण्यापेक्षा एकाच घरात आठवडा काढा. लहान मुलं आणि वयस्क माणसं असताना बॅगा भरणं-उपसणं तसंही नकोच.

बुकिंग करण्याआधी घरमालकाला एक मेसेज पाठवा आणि त्यात विचारा: ‘प्लांता एलेक्त्रिका’ आहे का, ‘सिस्तेर्ना’ आहे का. म्हणजे जनरेटर आणि पाण्याची टाकी. 2017च्या मारिया वादळाने बेटाची वीजव्यवस्था जी मोडली ती अजून पुरती सावरलेली नाही. 31 डिसेंबर 2024 आणि 16 एप्रिल 2025, चार महिन्यांत दोनदा जवळजवळ सगळं बेट अंधारात गेलं होतं. एरवीही वीज जाते. आपण लोडशेडिंगमध्ये वाढलेली माणसं, अंधाराला घाबरत नाही, पण एसी आणि पंख्याशिवाय तिथली दमट रात्र आई-बाबांना जड जाईल. जनरेटर आहे म्हणाले तर तो एसीसुद्धा चालवतो की नुसते दिवे आणि फ्रिज, हेही विचारा. उत्तर गोलमाल आलं तर ते घर सोडून द्या. मग लिफ्ट. ओशन पार्कातल्या बऱ्याच इमारती दोन-तीन मजली, बिनलिफ्टच्या. ‘वॉक-अप’ लिहिलेलं दिसलं की तळमजलाच मागा.

तिसरी चौकशी स्वयंपाकघराची. ‘किचनेट’ या शब्दावर जाऊ नका, बऱ्याचदा तो मायक्रोवेव्ह आणि बेसिन एवढाच असतो. फोटो मोठा करून बघा: शेगडी आहे का, किती बर्नरची, त्यावर कुकर बसेल का. फोटोत नुसती कॉफी मशीन आणि टोस्टर पुढे केलेले असतील तर शेगडी नाही असं समजा.

हे इतकं ताणून सांगतोय कारण आई. पोर्तो रिकन जेवण भात, राजमा, केळी यांच्यावर चालतं, त्यामुळे वरवर शाकाहारी माणसाला सोपं वाटतं. पण तो राजमा, म्हणजे आबिचुएलास, बहुतेक ठिकाणी हॅमचे तुकडे घालून शिजवतात. मोफोंगो हा कुटलेल्या कच्च्या केळ्यांचा प्रकार; त्यात परंपरेने डुकराची कुरकुरीत तळलेली कातडी असते आणि वरून ओततात तो रस्सा कोंबडीचा. ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. हॅम आणि रस्सा यांना तिथे मांसात धरतातच असं नाही, म्हणून ‘सिन हामोन, सिन काल्दो दे पोयो’ असं नाव घेऊन सांगायचं. निर्धास्त खाण्यासारखे दोन पदार्थ आहेत: तोस्तोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले चपटे काप, आणि आमारियोस, पिकलेल्या केळ्याचे गोड तळलेले काप. आईंना सोवळ्या-ओवळ्याची फार काळजी असेल तर तेल कोणतं आणि त्यात आधी काय तळलंय हा प्रश्न उरतोच. मग घरचा कुकर बरा. उपवासाची मात्र चिंता नको. बाजारात युका मिळतो, ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. उकडून, वर तूप-मीठ-जिरं घातलं की झालं. रताळी आणि शेंगदाणेही मिळतात. तांदूळ आणि डाळी तिथल्या दुकानांत भरपूर. बरोबर मसाल्याचा डबा आणि छोटा कुकर न्या, कणीक हवी तर थोडी.

आता पाणी. एक गोष्ट रिसॉर्टच्या जाहिराती सांगत नाहीत. सान हुआनचा किनारा उत्तरेला, अटलांटिककडे तोंड करून आहे. ओशन पार्क आणि इस्ला व्हेर्देला लाटा येतात, कधी आत ओढणारा प्रवाह असतो. नऊ वर्षांच्या मुलाला मजा, पाच वर्षांच्याला हात धरूनच. लाल बावटा असेल त्या दिवशी वाळूतले किल्ले. शांत पाणी हवं असेल तर जुन्या शहराजवळचा एस्काम्ब्रोन किनारा बघा. किंवा दोन दिवसांपुरती गाडी घ्या आणि पूर्वेला लुकियोला जा: सार्वजनिक किनारा, आडोशाचं पाणी, नारळाची झाडं, आणि जवळच रस्त्याला लागून खाण्याच्या टपऱ्यांची लांबलचक रांग. एल युन्के हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांपैकी एकमेव उष्णकटिबंधीय वर्षावन तिथून जवळ आहे, दोन्ही एका फेरीत होतात. जाताना एक गंमत: पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलांत. राहायलाच लुकियोला का नको, असं तुम्ही विचाराल. भाडं कमी आहे, पाणी चांगलं आहे, मान्य. पण मग आठवडाभर गाडी, आणि संध्याकाळी दूध-ब्रेड आणायलाही गाडी.

शहराबाहेर रात्री कोकी नावाचे इवलेसे बेडूक असे ओरडतात की नव्या माणसाला झोप लागत नाही. परीक्षणांमध्ये लोक त्यावरून हॉटेलला एक तारा देतात, ते वाचून हॉटेल नाकारू नका.

पोर्तो रिकोच्याच कुलेब्रा आणि व्हिएकेस या छोट्या बेटांचा मोह होईल, कुलेब्रावरच्या फ्लामेंको बीचचे फोटो आहेतच तसे. सहा जणांना घेऊन सेइबा बंदरावरून फेरीबोट पकडायची म्हणजे आधी सान हुआनहून पहाटे निघा, तिकिटं आधी काढा, भाड्याची गाडी फेरीवर चढवायची नाही. या खेपेला सोडा.

तारखांचं एक बघा: तुमची सुट्टी ईस्टरच्या आठवड्यात येतेय का. तसं असेल तर सगळं पोर्तो रिको त्या आठवड्यात समुद्रावर असतं. घरं आधीच संपतात, गुड फ्रायडेला बरीच दुकानं बंद. एक आठवडा पुढे-मागे होत असेल तर करा, नाहीतर आजच बुक करा. फुकट रद्द करता येईल असंच घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुंता कानाबद्दल. स्टॅम्प झाल्यावर जायचं असेल तर ऑल-इन्क्लुझिव्हचा दर माणशी आहे की खोलीमागे ते आधी बघा, कारण सहा जणांत तो फरक प्रचंड होतो. त्या दरात दारू धरलेली असते. न पिणाऱ्या, मांस न खाणाऱ्या कुटुंबाने तिथे जायचं म्हणजे शेजारच्या टेबलाचं बिल आपण भरायचं. मुलांना दिवसभर आइस्क्रीम आणि तुम्हाला आठवडाभर स्वयंपाकातून सुट्टी, एवढ्यासाठी ते पटत असेल तर जरूर जा, त्यात गैर काही नाही. पण तो किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे आणि 2011पासून जवळजवळ दरवर्षी मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत तिकडे सर्गॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं. कुजलं की वास सुटतो. त्यापेक्षा नैर्ऋत्येकडचं बायाहिबे बघा. ते खरंखुरं गाव आहे, छोटी गेस्टहाउसं आहेत, शेवाळाचा त्रास कमी. पुंता कानाचे पर्यटक साओना बेटावर जायला तासभर बस करून शेवटी इथल्याच होड्यांत बसतात. अपार्टमेंट किंवा हॉटेल घ्याल तेव्हा 18 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क मिळून 28 टक्के दरात धरलेत का, ते विचारा.

आणि आई-बाबा पुन्हा येतील तेव्हा बार्बाडोस लक्षात ठेवा. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही. दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंग, रॉकली, डोव्हर या भागांत शेगडीवाली अपार्टमेंटं आहेत, आणि मुख्य रस्त्यावर बस आणि झेड-आर म्हणतात त्या पांढऱ्या व्हॅन सतत धावतात. बसचं तिकीट साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन. तिथल्या चेफेट नावाच्या फास्टफूड साखळीत चक्क बटाट्याची रोटी मिळते. वाणसामान मात्र महाग आहे, डाळ-तांदळाचं गणित तिथे वेगळं पडेल.

बाबांना किल्ल्यांची आवड आहे असं लिहिलंय, तर जुन्या सान हुआनला एक अख्खी सकाळ ठेवा. एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले एकाच तिकिटात होतात आणि मुलांना तिकीट नाही. अकराच्या आत आटपा, तटावर सावली नाही. परतीच्या दिवशी विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी प्रत्येक बॅग कृषी खात्याच्या यंत्रातून जाते. आईंना आधीच सांगून ठेवा, तिथला आंबा बॅगेत घालायचा नाही.